एकविसावा मोदक

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. सांगायचीही आहे, पण आधी विचारायची आहे.

बाबा गेल्यावर तू जोह्याहून माझ्याकडे रोह्याला राहायला आलीस. जन्मभर तिथल्या कारखान्यात गणपती रंगवलेस. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं जरा पुढे. साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी गोड बंद केलं, भात अर्धा केला. दर चार दिवसांनी मागच्या पडवीत स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी धरून आपण तुझी लघवी तपासायचो. निळ्या औषधात थेंब पडतात, नळी उकळू लागते, आणि मी नळीकडे कमी, तुझ्या चेहऱ्याकडे जास्त बघते आहे. निळं राहिलं तर ठीक. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर साखर वाढलेली. पिवळं झालं की तू म्हणायचीस, "आज देव पितांबर नेसलाय गो बाय." मला हसू येत नसे. ताट मी वाढते, माझ्या डोळ्यांदेखत तू जेवतेस, मग हा पिवळा येतो कुठून?

शेजारीण म्हणाली, म्हातारी माणसं चोरून खातात, त्यांच्या गरीब तोंडावर जाऊ नको. तेवढं मला पुरलं. गुळाचा डबा कुलपात गेला. तू आंघोळीला गेलीस की मी तुझी उशी चाचपायची, पिशवी उलटी करायची. एकदा पदराला गाठ दिसली म्हणून ती सोडायला लावली. निघाली काय, तर वाळलेल्या दूर्वांची जुडी. तरीही मनात आलंच, आज दूर्वा आहेत, काल काय असेल? धाटावला पहिल्या शिफ्टला निघताना हे म्हणाले, कंपनीच्या गेटवरसुद्धा एवढी झडती घेत नाहीत. त्यावर मला वाटलं, हेच तुला गुपचूप पेढे आणून देत असतील.

मग ती माघातली चतुर्थी. हे कामावर, मुलगी शाळेत, घरात तू आणि मी. एकवीस मोदक मी मोजून केले. मोजण्यात माझी चूक होत नाही, हे तू चारचौघांत सांगायचीस. नैवेद्याला ताट उचललं तर वीस. ताट तसंच देवापुढे ठेवलं. आरतीला शेजारच्या चार बायका आल्या. सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवत आले, तुझा हात पुढे आला, आणि त्यावर मी नुसती जास्वंदीची पाकळी ठेवली. "तुझा आधीच झालाय," म्हणाले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तू पाकळी डोळ्यांना लावलीस.

दुसऱ्या दिवशी नळी विटकरी झाली. मी ती तुझ्यासमोर धरली.

"देवासमोर सांगते गो बाय, मी नाय खाल्ला."

"मग ही नळी खोटं बोलते?"

तू नळीकडे बघितलंस. मग म्हणालीस, "मूर्ती वरून सुकली म्हंजे आतून सुकली काय? आत काय हाय ते वरून कुनाला दिसतंय?" मला वाटलं, उत्तर नाही म्हणून कारखान्यातलं काहीतरी बोलतेस. त्यानंतर तू प्रसादाला हात कधीच पुढे केला नाहीस. पाऊस लागायच्या आत गेलीस.

आता मला साखर आहे. गोड मी खरोखर सोडलंय, देवाचं तीर्थसुद्धा साखरेविना करते, तरी रिपोर्टातली साखर हटत नाही. मुलगी रिपोर्ट वाचते आणि माझ्याकडे बघते. ती नजर मी ओळखते, ती माझीच आहे. परवा सोनोग्राफीला पेणला गेले. डॉक्टर म्हणाले, किडन्यांभोवती चरबीचा जाड थर आहे. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचा कागद असेल, माझी हाडं मोजता येतात. ते हसले नाहीत. वरून बारीक दिसणाऱ्या माणसातही आत चरबी साठते, म्हणाले, पोटात, किडनीभोवती. अशा शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नाही, आणि पथ्य पाळूनही साखर कधीकधी चढीच राहते. औषध बदलून देतो, रोज चाला. मग विचारलं, घरात कुणाला होती?

"आईला," मी म्हणाले. ती चोरून खायची, हे शब्द ओठांपर्यंत आले होते. चौदा वर्षं सगळ्यांना तसंच सांगत आले ना. ते गिळले.

डॉक्टरांनी तुला पाहिलेलं नाही. तुझ्या आत काय होतं ते आता कुठलं मशीन सांगणार? पेणच्या स्टँडवर जोह्याची गाडी लागली होती. मी रोह्याच्या गाडीत बसले आणि वाटभर ताटातले मोदक पुन्हा मोजत राहिले. ओळीत सात, अशा तीन ओळी. तिसरी ओळ मला नीट दिसत नाही. कदाचित मी वीसच केले असतील.

हा कागद देवघरात पोथीखाली राहील. पाठवायचा कुठे? आणि खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते, माझा संशय अजून पुरता गेलेला नाही. तेवढंच विचारायचं होतं. खाल्ला होतास का गं? फक्त आता मनात येतं, खाल्ला असलास तर बरं.