दुभाजकातली फट

चिमे,

आज कामावर जाताना फोन दाखवेल त्या रस्त्याने सायकल नेऊ नकोस. हात जोडतो. हायवेच्या दुभाजकातली ती फट, जिथे तुझ्या आईला ट्रकने उडवलं, ती वाट म्हणून नकाशावर परत आली आहे. मी पुसली होती. पण नकाशा सगळ्यांचा, कोणीही बदलू शकतो, म्हणून कोणीतरी ती पुन्हा काढली. वर मला लिहिलं, "काका, जागेवर फट आहे, लोक जातात-येतात. जे आहे ते दाखवायचं असतं. नको असेल तर आधी जागेवर बंद करा."

त्याचं काही चुकलं नाही. म्हणून तार आणि पक्कड घेऊन फट बंद करायलाच चाललो आहे. कोणी अडवलं तर बघू. बंद झाली की फोटो टाकतो आणि नकाशावरची वाट पुन्हा पुसतो, मग फोन कोणालाच तिकडून पाठवणार नाही.

तू म्हणशील, "बाबा, आईने स्वतः नकाशावर काढलेली वाट तुम्ही पुसताय?" हो, तीच. लांबचा वळसा वाचतो म्हणून किती खूश होती. तिच्या बाकीच्या वाटांना मी हात लावलेला नाही.

तू शाळेमागच्या गल्लीने जा. उशीर होईल, साहेब बोलतील. बोलू देत. चहा गाळून ठेवला आहे. पोहोचलीस की फोन कर. लगेच उचलला नाही तर पुन्हा कर, माझ्या हातात तार असेल.

बाबा