नाव घेणारं माणूस

९ नोव्हेंबर १९६४, मालवण

दादा आला आणि दुसऱ्या एसटीने गेलासुद्धा. खारेपाटणहून खास एवढंच सांगायला आला होता — हे बेपत्ता होऊन सात वर्षं झाली, कायदा आता मेलेलेच धरतो, तू माहेरी चल. कोल्हापूरला एक हेडमास्तर आहेत म्हणे. बिजवर, पण शिकलेले. सगळं ठरवूनच आला होता! मी म्हटलं, मेल्याची खबर कुठे आहे? तर म्हणाला, जिवंत असल्याची तरी कुठे आहे?

मी पाट मांडायला उठले. आणि मी बाहेरून बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलंय!

सासूबाई चुलीपाशी होत्या. ऐकलं असणारच. जेवताना दादाला आग्रह करून सोलकढी वाढली.

१२ नोव्हेंबर

पुस्तक म्हणतं, विधान एकतर खरं असतं नाहीतर खोटं. तिसरी जागा नाही. ग्रीकांपासून असंच चालत आलंय.

'माझा नवरा जिवंत आहे.' खरं असेल तर मी सवाष्ण, खोटं असेल तर विधवा. पण मी तर कुंकू लावून शाळेत जाते, मुलींना भूमिती शिकवते. हळदीकुंकवाला मला बोलावतात, पण ओटी भरायची वेळ आली की बायका एकमेकींकडे बघतात. म्हणजे तिसरी जागा आहे की! मीच राहते तिथे. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं फार वाईटही गेली नाहीत. हे लिहिताना लाज वाटते.

लग्नानंतर दोन महिने हे घरी होते. मग आफ्रिकेत, मोंबासाला नोकरीला. चेहरा आठवायला जावं तर फोटोतलाच आठवतो.

१५ नोव्हेंबर

भाई आले होते. भाई म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, मोंबासाला रेल्वेच्या गोदामात उभी हयात काढून दिवाळीआधी कायमचे परतले. पहिल्यांदा आले तेव्हा मी शाळेत होते. सासूबाईंशी परसात बराच वेळ बोलत बसले होते म्हणे. आज मी सरळ विचारलं — भाई, तिकडे ह्यांचं काही कळलं का?

भाईंनी सुपारी कातरायला घेतली. आणि सांगायला लागले ते भलतंच! गोदामात त्यांच्या हाताखाली काझुंगू नावाचा माणूस होता, गिर्यामा जमातीचा. त्याच्या गावी भाई जायचे. माडांचाच गाव, आपल्यासारखा, माडीसुद्धा काढतात. घराशेजारी लाकडी खुंट पुरलेले. प्रत्येक खुंट म्हणजे घरातलं एक गेलेलं माणूस. त्यावर थोडी माडी ओतायची, नाव घ्यायचं, घरात काय चाललंय ते सांगायचं. भाईंनी काझुंगूला विचारलं, तुझा बाप आहे का? तो म्हणाला, आहे. आणि खुंट दाखवला!

"थंय मेलल्याक मेलो म्हणनत नाय गो," भाई म्हणाले. "नाव घेणारा कोण आसा तोपर्यंत तो घरातलोच."

मी म्हटलं, पण बाप जिवंत होता की नव्हता? भाई चहा न घेताच उठले.

१६ नोव्हेंबर

डोक्यातून जात नाही. माझ्या पुस्तकात नाव म्हणजे वस्तूला चिकटवलेली चिठ्ठी. वस्तू गेली की चिठ्ठी कशाचीच नाही. काझुंगूकडे उलटं — नावानेच माणूस धरून ठेवायचा. मग आमच्याकडे काय? बायकोने नवऱ्याचं नावच घ्यायचं नाही! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. म्हणजे मी ह्यांना धरलंच नव्हतं की काय?

काहीच समजत नाही. परीक्षेत हे विचारणार नाहीत, एवढं बरं.

२० नोव्हेंबर

सासूबाई हल्ली जेवायला बसण्याआधी एक घास काढून परसात कावळ्याला ठेवतात. पूर्वी सणावारीच ठेवायच्या. वय झालं की धर्म आठवतो. पोस्टमन दारावरून गेला तरी 'कागद आसा काय?' विचारत नाहीत. मीच विचारते.

२९ नोव्हेंबर

दादा पुन्हा आला. सासूबाई म्हणाल्या, सातेरीला कौल लावूया, देवी सांगेल ते करूया. दादा कंटाळला, पण आला.

गुरवाने पाषाणाला भिजवलेल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तो गाऱ्हाणं घालणार, तेवढ्यात सासूबाईंनी त्याला थांबवलं आणि स्वतःच विचारलं, "माझो झील घरात आसा मां?"

घरात! मुलगा जिवंत आहे का, ते नाही. मोंबासात आहे का, तेही नाही. घरात! उजवी पाकळी लगेच पडली. सासूबाईंनी डोळे पुसले. दादा वाटेत म्हणाला, म्हातारी भ्रमिष्ट झालीय. मला तर संतापच आला. प्रश्न धड विचारला असता तर उत्तर धड मिळालं असतं. आता दादाला काय सांगू? हो म्हणू? नको म्हणू? त्याने नाताळापर्यंत मुदत दिलीय.

५ डिसेंबर

आज अनुमानाचा धडा. सगळी विधानं समोर असतात, निष्कर्ष फक्त काढायचा बाकी असतो, असं लिहिलंय. वाचलं आणि हात थांबला. भाईंनी उत्तर दिलं नाही. कावळ्याचा घास. पोस्टमन. आणि घरात आसा मां?

कसली मी तर्कशास्त्र शिकणारी!

परसात गेले. सासूबाई झावळं विणत होत्या. विचारलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"भाईन पयल्याच दिवशी सांगल्यान. तो मेलो, थंयच, तापान. लय वर्सां झाली. भाईक हल्लीच कळला."

मी ओरडले. मला का नाही सांगितलं? माझं कुंकू, माझा भाऊ दारात उभा, आणि तुम्ही कौल लावता? इतकं मी कधीच बोलले नव्हते.

"सांगलंय असता तर तू गेलं असतंस," त्या म्हणाल्या. "मगे नाव घेवक मी एकटी. मी मेलंय काय तो पुरतो मरतलो."

मला रडू आलं. ह्यांच्यासाठी की त्यांच्यासाठी, की फसवल्याचं, कळत नाही. अजूनही राग आहे. त्या विणतच होत्या. मग मीही एक झावळं ओढून घेतलं.

६ डिसेंबर

जेवायच्या आधी घास मी काढला. परसात ठेवला आणि मोठ्याने ह्यांचं नाव घेतलं — गुरुदास. कपाळावर कुंकू होतं. आत सासूबाईंच्या हातातला डाव थांबला.