स्टँडवरचा कागद

मडगाव, गोवा
रविवार, रात्र

प्रिय दादा,

म्हणजे पुन्हा माझ्यामुळंच. ट्रम्पेट विकायला काढलं तुम्ही, गुलमंडीत फारूखभाईच्या दुकानात जाऊन किंमत करून आले तुम्ही, आन् तनुजानं विचारलं तर तिला म्हणले, "दात गेले, आता काय फुंकायचं. आन् खरं वाजवणं तर मी तुझ्या भावाच्या जन्मालाच सोडलं, त्याच्यापुढं हे काय." तिनं मला फोनवर तसंच्या तसं ऐकवलं. मी तुम्हाला फोन लावला तर 'रेंज नाय' म्हणून कट केला. मुकुंदवाडीत रेंज नाय व्हय. मला जन्मून चोवीस वर्षं झाली, तुमचं गाऱ्हाणं अजून तेच. म्हणून पत्र लिहितोय. पत्र कट करता येत नाय. फाडता येतं, माहितीये मला, पण आधी शेवटपर्यंत वाचा आन् मग फाडा. आन् तनुजाला वाचायला देऊ नका, एकट्यानं वाचा.

दात कसे गेले तेबी मला तुमच्याकडून कळलं नाय. एप्रिलमधली वरात, टीव्ही सेंटरच्या पुढं. तुम्ही ट्रम्पेट तोंडाला लावून चाललेले आन् नवरदेवाचा कुणी दोस्त उलटा नाचत नाचत मागं आला. त्याची पाठ ट्रम्पेटवर बसली आन् माउथपीस तुमच्या दातांवर. वरचे दोन जागीच गेले. त्या पोरानं तुमच्या लाल कोटाच्या खिशात पाचशेची नोट कोंबली आन् म्हणला, "मामा, थांबू नका, पुढचं होऊ द्या." तुम्ही तोंडाला रुमाल लावून कार्यालयापर्यंत चालत गेले. तिथंच रस्त्यात बसायचं होतं ना खाली. आता आप्पासाहेबांनी तुमच्या हातात खुळखुळा दिलाय. ज्यांच्या बँडला लोक वीस-बावीस वर्षं तुमच्या फुंकीसाठी सुपारी द्यायचे, ते मालक तुम्हाला म्हणतात, "पुंजाराम, मागच्या रांगेत राहा, आन् टोपी सरळ घाल." आन् तुम्ही सरळ घालता. तिथं तुम्हाला राग येत नाय. राग सगळा माझ्यासाठी राखून ठेवलाय.

तुमची सगळी कहाणी मला पाठ आहे. लिहून दाखवतो, चूक निघाली तर सांगा. बारा वर्षांचे असताना छावणीतल्या एका रिटायर फौजी बँडवाल्याचे बूट पुसायचे, त्या बदल्यात त्यानं तुम्हाला ट्रम्पेट धरायला शिकवलं. तेविसाव्या वर्षी चिकलठाण्याकडच्या मोठ्या हॉटेलात लागले. पांढरा कोट, काळा बो. दिवसभर अजिंठ्याच्या लेण्या बघून, फर्दापूरची धूळ बुटांवर घेऊन जपानी नाहीतर जर्मन लोक परत यायचे आन् जेवताना तुमचं ऐकायचे. साहेब लोक त्याला जॅझ म्हणायचे, तुम्ही म्हणायचे 'मोकळं वाजवणं'. चाल एकदा सगळ्यांनी मिळून वाजवायची, मग एकेकानं आपापल्या वाटेनं हिंडून यायचं आन् शेवटी पुन्हा घरी. एका म्हाताऱ्या जपान्यानं चमचा खाली ठेवला आन् तुमचं होईपर्यंत उचलला नाय, हे तुम्ही मला शंभर वेळा सांगितलंय. सहा वर्षं असं चाललं. मग मुंबईहून बोलावणं आलं, परदेशी बोटीवरच्या बँडसाठी. तुम्ही गेले, आन् तिसऱ्या दिवशी परत आले. का, तर घरी तीन महिन्यांचा सत्यम तापानं फणफणला होता. बाप म्हणून राहवलं नाय. बोट गेली, नंतर हॉटेलानं बँडच बंद केला, आन् तुम्ही आप्पासाहेबांचा लाल कोट घातला.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सहा-सात वर्षांचा असंन. पाहुणे बसले होते. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणले, "हा आला आन् माझी बोट गेली." सगळे हसले. मीबी हसलो, मला वाटलं कौतुकच आहे. मग दर दिवाळीला, दर बारशाला, कुणी पाहुणा टेकला की तेच. मामा तर मला 'बोटबुडव्या' म्हणूनच हाक मारायचा. तेरा वर्षांचा असताना मी आईला विचारलं, मला तेव्हा कसला ताप आला होता. ती भाकरी थापत होती. म्हणली, "तुला? तुला साधी सर्दीसुद्धा नव्हती." मला वाटलं माझं मन राखायला म्हणतीये. आठवीत इंग्रजीत नापास झालो तेव्हा तुम्ही कोटाचा पट्टा काढून मला हाणलं, आन् प्रत्येक फटक्याला एकच, "कागद वाचता येत नाय, कागद वाचता येत नाय." शाळा सोडली. वाळूजच्या कंपनीत सहा महिने, मग पुणे, मग सुरत, मग इथं. तुम्ही म्हणता पोराच्या पायाला भिंगरी. भिंगरी नाय दादा. कुठंबी चार-सहा महिने झाले की मला वाटायला लागतं, आपण इथं कुणाचं तरी काहीतरी अडवून बसलोय. आपण उठलो तर त्याचं भलं होईल. मग मी उठतो.

आता ऐका. इथं हॉटेलात माझं काम खुर्च्या मांडायचं, टेबलं उचलायचं. रविवारी दुपारी लोकांच्या जेवणाला तीन जणांचा बँड असतो. पियानोवर एक म्हातारा, सत्तरीच्या पुढचा, बेनी मिनेझिस नावाचा. नाव ओळखीचं वाटतंय ना. मला वाटलं नाय, कारण तुम्ही आम्हाला त्याचं नाव कधी सांगितलंच नव्हतं. तुमच्या कहाणीत पियानोवाला असा कुणी नव्हताच. महिन्यापूर्वी मी त्याचं स्टूल सरकवत होतो, त्यानं विचारलं कुठला तू. मी म्हणलो संभाजीनगर. त्याला कळंना. औरंगाबाद म्हणलो तर त्याचा चेहराच बदलला. "अरे, उधर मैं छे साल बजाया. एक ट्रम्पेटवाला था उधर, पुंजाराम. मालूम?" मी म्हणलो, नाय मालूम. का म्हणलो कोण जाणे. खुर्च्या मांडणाऱ्याचा बाप ट्रम्पेटवाला होता, हे कसं सांगायचं, असं काहीतरी वाटलं असंन. पण बरं झालं. मुलगा म्हणून सांगितलं असतं तर त्यानं तुमची इज्जत राखली असती आन् अर्धंच सांगितलं असतं.

तो म्हणला, तुम्हाला नोटेशनचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. बँडमधल्या चौघांत हे फक्त त्याला ठाऊक होतं. रोज दुपारी तीनला तुम्ही यायचे, तो नवीन चाल पियानोवर एकदा वाजवायचा, एकदाच, आन् तुम्ही ट्रम्पेट मांडीवर ठेवून डोळे मिटून ऐकायचे. संध्याकाळी ती चाल अशी वाजवायचे की जणू तुम्हीच बसवलीये. समोर स्टँडवर कागद मात्र कायम. कुठलाबी कागद. एकदा म्हणे त्यावर हॉटेलच्या भाजीची यादी होती. "लेकिन पन्ना बराबर टाइम पे पलटता था, क्या बोलूं तेरेको," म्हणून तो इतका हसला की त्याला खोकला आला. मीबी हसलो. हसता हसता थांबलो, कारण पुढचं मला त्यानं सांगायच्या आधीच कळलं.

मुंबईत बोटीच्या बँडसाठी परीक्षा होती, त्यालाबी बोलावलं होतं, आन् त्या हॉलमध्ये पियानोवर बेनीच होता. तुम्हाला वाटलं नेहमीसारखं तो आधी वाजवंल, आपण ऐकू आन् मग उचलू. पण परीक्षा घेणाऱ्यानं त्याला थांबवलं. ट्रम्पेट एकटं, म्हणला, आन् तुमच्यापुढं कागद ठेवला. तुम्ही ट्रम्पेट ओठाला लावलं. बोटं बटणांवर ठेवली. बेनी म्हणतो, एवढा वेळ गेला की बाहेरच्या गाड्या ऐकू यायला लागल्या. मग तुम्ही ट्रम्पेट खाली घेतलं आन् म्हणले, घरून फोन आलाय, मुलगा आजारी आहे. "किधर से आया फोन? उधर फोनच नहीं था रे," असं म्हणताना तो हसत नव्हता. त्यानं तुम्हाला नंतर दोन पत्रं टाकली. पंधरा दिवसांत वाचायला शिकवतो, जागा धरून ठेवतो, फक्त ये. तुम्ही उत्तर दिलं नाय. ती पत्रं कुठं गेली दादा? चुलीत?

मी त्या दिवशी टेबलं तशीच सोडून बाहेर गेलो. सुपरवायझर ओरडला. मला इतका राग आला होता की कुणाला तरी मारावंसं वाटलं, आन् मारायला कुणीच नव्हतं. तीन महिन्यांच्या पोराच्या अंगात तुम्ही ताप घातला. त्याला बोलता येत नव्हतं म्हणून घातला. पुढं बोलता यायला लागलं तरी काढला नाय. पाहुण्यांपुढं माझ्या डोक्यावर हात ठेवताना तुम्हाला एकदाबी काही वाटलं नाय? आई तेव्हा परातीतून मान वर करून तुमच्याकडं बघायची, ते मला आता आठवतंय. तिला माहिती होतं. बेनीचं नसंल माहिती, पण मी आजारी नव्हतो हे तिला पक्कं माहिती होतं, आन् तुमच्यासाठी ती गप बसली. घरात खोटं एक, ते तुम्ही बोलले, तिनं सांभाळलं, आन् उचलून हिंडलो मी. वाळूज, पुणे, सुरत, गोवा.

आन् सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? मीबी तेच करतो. इथं आग लागली तर काय करायचं, कुठली बाटली कशात मिसळायची नाय, हे सगळं इंग्रजीत छापलेलं असतं आन् महिन्याला त्याची परीक्षा असते. माझ्या खोलीत तौफिक म्हणून पोरगा आहे, लॉन्ड्रीत काम करतो, परभणीचा. त्याला इंग्रजी येतं. मी त्याला एकदा वाचायला लावतो. एकदाच. मग साहेबापुढं कागद धरून डोळे डावीकडून उजवीकडं फिरवत घडाघडा म्हणतो. मधेच जरा अडखळतोसुद्धा, खरं वाटावं म्हणून. हे मला कुणी शिकवलं नाय. मला वाटायचं ही लबाडी माझी एकट्याची आहे आन् म्हणून मी वाया गेलेला आहे. तुम्ही पट्ट्यानं हाणायच्या ऐवजी त्या दिवशी शेजारी बसून एवढं म्हणले असते, "सत्या, मलाबी येत नाय रे," तर आपण दोघांनी मिळून लपवलं असतं. नाहीतर दोघांनी मिळून शिकलो असतो.

गेल्या रविवारी मी बेनीला सांगितलं, पुंजाराम माझा बाप आहे. माफी-बिफी मागितली नाय त्यानं, बरं केलं. पहिला प्रश्न काय केला असंल? "अभी बजाता है?" मी म्हणलो, दात गेले, खुळखुळा वाजवतो. तो चिडला. तुमच्यावर नाय, माझ्यावर. म्हणला, तू काम करतोस ना, मग बापाच्या तोंडात दात का नाहीत. मी म्हणणार होतो की त्या बापानं मला काय काय केलंय ते ऐका आधी. पण त्याला त्याचं काही पडलेलं नव्हतं. त्याला फक्त ट्रम्पेटचं पडलं होतं. आन् खरं सांगतो, चालत खोलीवर येताना मला कळलं की मलाबी त्याचंच पडलंय. राग आहेच, तो काय जात नाय. पण पहाटे छतावर बसून तुम्ही लांब सूर धरायचे आन् मी गोधडीत मोजायचो किती वेळ टिकतोय, तेवढ्या वेळात तुम्ही माझ्यावर कधी ओरडले नव्हते. त्या सुरात माझ्यामुळं काही बुडाल्यासारखं नसायचं.

म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही 'पोराचे पैसे नको' म्हणून विषय तोडला असता. तनुजाला मी डॉक्टरकडं पाठवलं होतं, तुमची एक्स-रेची फिल्म घेऊन. काढता-घालता येणारे दात तुम्हाला चालायचे नाहीत, फुंकलं की हलतील. हाडात पक्के बसवायला लागतील. आधी खुंट्या बसवतात, तीन-चार महिने हाड भरू देतात, मग दात. तोवर फुंकायचं नाय, डॉक्टरानं बजावलंय. फारूखभाईला सांगा ट्रम्पेट विकायचं नाय, विसार घेतला असंल तर परत करा. आजपर्यंत दर महिन्याला मी जे पाठवलं ते तुमच्या बुडालेल्या बोटीची भरपाई म्हणून पाठवलं, घाबरून पाठवलं. ती बोट मी बुडवली नव्हती, तेव्हा तो हिशेब मिटला. हे पैसे वेगळे. जुनी मोटरसायकल घ्यायला साठवले होते, आता मला इथून कुठं पळायचं नाय. बदल्यात एकच करा. पुढच्या वेळी पाहुणे बसतील तेव्हा आईसमोर, मामासमोर खरं सांगा, किंवा काहीच सांगू नका. पण माझ्या नावानं ताप सांगू नका. खुंट्यांचे पैसे आत्ता भरायचे आहेत, दातांचे नंतर बघतो. तनुजाच्या खात्यावर आज एकतीस हजार दोनशे रुपये टाकलेत.

रागावलेला, तरी तुमचाच,
सत्यम