तेज चल

नांदेड, ४ मे १९९८

ती. आनंदभाऊस,
सविनय जयभीम वि. वि.

माझं ऑपरेशन ठरलं. पुढे काही आठवडे जड उचलायचं नाही, म्हणून आबांना तुझ्याकडे लातूरला पाठवते आहे. पार्किन्सनच्या गोळ्यांची वेळ तेवढी चुकवू नकोस.

एक गंमत सांगते. उंबऱ्यापाशी आले की आबांचे पाय फरशीला चिकटतात. तेव्हा हात ओढायचा नाही, पडतील. खणखणीत हुकूम द्यायचा, दल, तेज चल! हळू म्हटलेलं लागू पडत नाही. समता सैनिक दलात हयात गेली त्यांची. किल्लारीच्या भूकंपात ह्याच हुकमावर त्यांनी दलाची पोरं ढिगारे उपसायला नेली होती. ऐकलं की डावा पाय आपोआप उचलतो. शेजारी हसतात, आबाही हसतात. तू लाजू नकोस म्हणजे झालं.

वहिनींना जयभीम. माझ्या वाट्याची मायाही सध्या आबांनाच दे.

तुझी,
प्रियदर्शनी

लातूर, २० जून १९९८

चि. प्रियदर्शनीस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तब्येत जप, आबांचा घोर सोड. तुझा हुकूम दोन दिवस दिला. पण खाली माझा बारावीचा क्लास, वर राहायला पोरं. सगळी खिदळायला लागली. पालक मुलं पाठवतात ती अभ्यासाला, कवायत बघायला नव्हे. आबांना समजावलं, मागच्या खोलीत खुर्ची टाकून दिली. ताट, लघवीचं भांडं सगळं जागेवर. उठायची गरजच ठेवली नाही. गप्प बसून असतात, काडीचा त्रास नाही. तू उगाच घराचं परेड मैदान केलं होतंस.

थोरल्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
आनंदराज

नांदेड, ९ ऑगस्ट १९९८

आनंदभाऊस,
जयभीम.

आबांना घेऊन घरी पोचले. रिक्षातून दोघांनी उचलून आत आणलं. गुडघे सरळ होत नाहीत. बसवून ठेवल्यावर दुसरं काय होणार, असं डॉक्टर म्हणाले. मला तुझा संताप आला आहे, आणि तुझी शांत खोली आठवली की अजून येतो.

काल त्यांना उंबऱ्याशी धरून उभं केलं आणि गल्लीला ऐकू जाईल असा हुकूम दिला. पाय हलला नाही. आबांनी थरथरतं बोट कसंबसं ओठांवर नेलं आणि म्हणाले, हळू बोल बाई, पोरं अभ्यास करून राहिलेत.

लोभाचं ह्या खेपेला काही लिहीत नाही.

प्रियदर्शनी