देवीची नीज, माझी पाठ

मंगळवार, १८ ऑगस्ट १९५९. सोलापूर

उद्या पाठ उघडणार! डॉक्टर सकाळी सांगून गेले. मणक्यात क्षयाचा पू साचलाय, तो आतल्या मज्जेच्या दोरीला दाबतोय, म्हणून पाय गेले. पू काढायचा, किडलेलं हाड खरवडायचं आणि माझ्याच नडगीचा तुकडा काढून पाठीत बसवायचा. 'म्हणजे पाठीसाठी नडगीचा बळी?' मी विचारलं. हसले. बरा माणूस आहे. पाठीवरचे बिब्ब्याचे डाग बघितले तेव्हा मात्र हसले नव्हते. 'हे कुणी केलं?' चारू खाली बघत राहिली. अक्कानं केलं, आणखी कुणी! माझी आई ती, पण सगळं तुळजापूर अक्का म्हणतं म्हणून मीही. ज्येष्ठात शाळेत फळ्यावर लिहिताना पाय विरघळले. तेव्हापासून नजर, करणी, वारं — सगळं उतरवून झालं. क्षय तेवढा कुणाला सुचला नाही.

पडल्यापडल्या पेन धरलं की शाई उतरत नाही, म्हणून पेन्सिल. चारू वही पाटीवर ठेवून माझ्या छातीवर देते आणि तोंड फिरवून बसते. नवऱ्याचं लिहिलेलं वाचत नाही म्हणते. वाचत असली तर वाचो.

भीती वाटते. लिहून टाकलं.

शनिवार, २२ ऑगस्ट

आहे.

गुरुवार, २७ ऑगस्ट

पाठीखाली प्लास्टरचा साचा, त्यात मी. पट्ट्यांनी बांधलेला. मान वळत नाही. बघायला एक छत आणि छतावर एक पाल. तिचं बरं चाललंय.

शेजारच्या खाटेवर दगडोबा. भूमकडचा. शेळ्यांना पाला काढताना बाभळीवरून पडला आणि मणका मोडला. त्याचीही पाठ उघडली होती, बघून परत शिवली. आतली दोरीच तुटलेली. ती जोडायची विद्या अजून कुणाकडं नाही, असं डॉक्टर म्हणाले. दगडोबालाही सांगितलंय. त्याला पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, पाय रुसलेत.

कमरेखाली त्याला काहीच कळत नाही. गार नाही, गरम नाही, मुंगी चावली तरी नाही. म्हणून सारखं विचारतो, 'मास्तर, बगा की, माजे पाय वाकळंत हायत का?' मला तरी कुठं दिसतंय! मी आपला म्हणतो, 'आहेत, आहेत.' 'मंग बरं.' घटकेनं पुन्हा तेच. आज चिडलो. 'अरे बाबा, जातील कुठं तुझे पाय?'

म्हणाला, 'गेल्यात म्हनून तर इचारतो.'



शुक्रवार, ४ सप्टेंबर

अंगठा हलला!! डाव्या पायाचा! आधी चारूला दिसलं, मग मला कळलं. डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचली. दुखलं! दुखलं म्हणून एवढा आनंद जन्मात झाला नव्हता. पुन्हा टोचा म्हटलं. चारू पदर तोंडात धरून रडत होती, वेडी.

दगडोबा म्हणाला, 'मास्तरचे पाय घरला आले म्हना की.'  मग हळूच — 'माज्या पायास्नीबी सांगावा धाडा तेवढा.'

शुक्रवार, ११ सप्टेंबर

दगडोबा गेला. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या चिघळल्या. ताप उतरलाच नाही. भर दुपारी गेला, जेवणाच्या वेळेला.

त्याची बायको लक्ष्मीबाई पायांशी बसलेली. तो विचारतच होता. ती म्हणत होती, 'माज्या हातात हायत की ओ. धरल्यात म्या.' त्याला पटेना. 'मास्तर, तुमी सांगा.' मी सांगितलं, आहेत. मग विचारायचा थांबला.

खाटेवर नवी चादर घातलीय. जेवलो नाही.

मंगळवार, २२ सप्टेंबर

उद्या घरी. पण साच्यासकट! डॉक्टर खाटेवर बसून बोलले. 'राघवेंद्रराव, होळीपर्यंत बसायचंसुद्धा नाही. उभं राहायचं तर नाव काढू नका. आंब्याचं कलम बांधल्यावर धरलंय का म्हणून कुणी फांदी ओढून बघतं का? तुमच्या पाठीत कलम बांधलंय. ते हललं, तर गेलेले पाय परत आणणं माझ्या हातात नाही.'

चारूनं शब्दन् शब्द पाठ केला. अक्का म्हणाली, 'हो बाबा, हो.' ती डॉक्टरांना बाबा म्हणते, आणि ऐकते माझ्या चुलत्यांचं, मार्तंडकाकांचं.

सोमवार, ५ ऑक्टोबर. तुळजापूर

सरकीच्या लॉरीतून, पोत्यांवर खाट टाकून आणलं. सगळी आळी बघायला आली आणि क्षय म्हटल्यावर दारातूनच परत गेली. बरंच झालं. नवरात्र सुरू आहे. खाटेवरून आढ्याखेरीज काही दिसत नाही, संबळ मात्र दिवसभर ऐकू येतं.

एक लिहायचं होतं. लिहू की नको करत होतो. दगडोबा बरोबर आलाय.

काल दुपारी चारू आडावर गेलेली. डोळे उघडे होते माझे, झोपेत नव्हतो. डाव्या अंगाला, जिथं त्याची खाट असायची तिथून, स्वच्छ — 'मास्तर, पाय हायत का?' मी मोठ्यानं म्हणालो, 'आहेत.' स्वयंपाकघरातून अक्का म्हणाली, 'कुणाशी बोलतोस रे?' म्हटलं, श्लोक म्हणतोय. तिनं येऊन मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. तडतडल्या म्हणे फार.

तो कुणाचे पाय विचारतोय, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

दसरा झाला. देवी निजली.

सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवता येते अशी देवी आमचीच. महिषासुराला मारून दमते, म्हणून दसऱ्यापासून पौर्णिमेपर्यंत झोप. तेवढे दिवस आमच्या घरात कुणी गादीला पाठ लावत नाही. आई पलंगावर, तर लेकरं जमिनीवर. अक्का घोंगडीवर झोपते, चारू चटईवर. मार्तंडकाका — देवळात उपाध्येपण करतात — ते तर दारात आले तरी उंबऱ्यावर टेकत नाहीत. माझ्या खाटेकडं बघून म्हणाले, 'गावात पलंगावर दोघंच. आईसाहेब आणि तू!' मी हसलो. अक्का हसली नाही. तिनं हातातली परात बाजूला ठेवली आणि सांगितलं.

नवस बोललीय. तुझं ऑपरेशन चाललं होतं त्या वेळी, इथं देवीपुढं. 'आई, तू पौर्णिमेला उठशील त्या घटकेला माझ्या लेकाला उभा कर. तुझ्या उंबऱ्याकडं तोंड करून हात जोडील.'

चारू म्हणाली, 'अक्का, होळीपर्यंत नाही म्हणालेत.'

'होळी डॉक्टरची. पौर्णिमा आईची.'

नवस बोलावा, पण त्याला दिवस लावून देऊ नये. एवढं तर उपाध्यांच्या घरात कळायला हवं होतं!

बुधवार, १४ ऑक्टोबर

घरात दोन पक्ष. एका बाजूला अक्का आणि काका, दुसऱ्या बाजूला एकटी चारू. मी मधे, आडवा.

काका: 'पाय हालायला लागले ते कुणामुळं? तिनं आपलं काम केलं. आता आपण दिवस चुकवायचा?' चारू: 'हाड अजून धरलेलं नाही, काका.' काका: 'सूनबाई, ती दगडाची मूर्ती उठती, ह्याला हाडामांसाच्याला काय धाड भरलीय?' ह्यावर उत्तर आहे, पण काकांना देता येत नाही. चारूनं फक्त पदर खोचला आणि माझ्या खाटेशी येऊन बसली. अक्कानं अन्न सोडलंय. दुधावर आहे. 

गुरुवार, १५ ऑक्टोबर

चारू म्हणाली, 'तुम्ही नाही म्हणा. तुमचं ऐकतील त्या.' मी म्हटलं, 'बघू.' 'बघू काय? बघू काय हो?' दुपारभर साच्याच्या पट्ट्यांवर हात ठेवून बसली होती. जशी काही मी पळून जाणार आहे.

आता खरं लिहितो. अक्कासाठी नव्हे, देवीसाठी नव्हे. मलाच उठायचंय. होळीपर्यंत असा पडलो तर मी दगडोबा होईन. तो आता रोज येतो. जेवताना येतो, चारू अंग पुसते तेव्हा येतो. पडलेल्या माणसाच्या शेजारी त्याला जागा मिळते. उभ्या माणसाला कोण कशाला विचारील, पाय आहेत का? एकदा उभा राहिलो की सुटलो त्याच्या तावडीतून. एकदाच. टेकून. हात जोडायचे आणि परत साच्यात. कलमाला तेवढ्यानं काय होतंय!

चारूला हे सांगितलं नाही. 'नाही' म्हणालो नाही, एवढंच तिला कळलंय. 

शुक्रवार, १६ ऑक्टोबर. पौर्णिमा

उभा राहिलो!!!

देवळात संबळ सुरू झालं, देवी उठली, आणि काकांनी आणि शेजारच्या अण्णारावांनी साच्याच्या पट्ट्या सोडून मला काखेत धरून उचललं. चारू शेवटी आलीच. पाठीमागून दोन्ही तळहात माझ्या पाठीवर दाबून धरले होते तिनं.  पायाखाली शेणानं सारवलेली जमीन! गार! कळत होती, दोन्ही तळव्यांना कळत होती! ज्येष्ठापासून आढं बघत होतो — आज तुळस दिसली, अंगण दिसलं, अक्काची उंची दिसली. केवढीशी झालीय ती! मी हात जोडले. डावीकडं बघितलं. कुणी नव्हतं.

परत ठेवताना पाठीत काहीतरी बारीक वाजलं. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसं. बाकी कुणाला ऐकू आलं नसेल, संबळ जोरात होतं. चारूनं मात्र माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, खाट वाजली.

अक्कानं गावभर साखर वाटली. आज जेवली. चारूही हसली शेवटी. माझी पोरगी म्हणून अक्कानं तिला जवळ घेतलं.

दगडोबा दिवसभर आला नाही. सुटलो!

शनिवार, १७ ऑक्टोबर

फार दमलोय. पाठ गरम. असणारच, किती महिन्यांनी उभा राहिलो! पायांना मुंग्या येतायत. चांगलंच की, मुंग्या म्हणजे जीव. चारू सोलापूरला जाऊन डॉक्टरांना विचारते म्हणाली. म्हटलं, कशाला? उगाच रागावतील.

रविवार, १८ ऑक्टोबर

आज मुंग्या थांबल्या. बरं वाटतंय. पाय अगदी हलके.

दगडोबा आजही नाही.

मंगळवार, २० ऑक्टोबर

सकाळी गारठा होता. चारू पायथ्याशी बसली होती. म्हटलं, अगं, माझे पाय गोधडीत आहेत का बघ.  पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, 'अहो, माझ्या मांडीवर आहेत. मी केव्हाची तेल चोळतेय.'