आमच्या घरातले दोन काळ

चिक्कडपल्ली, हैदराबाद
१२ जुलै १९९३

ती. सौ. जयवंतावहिनी यांना धाकट्या दिराचा, नागोरावचा, वाकून नमस्कार.

इकडे आम्ही तिघंही अंगानं ठीक आहोत (डोक्याचं पुढे लिहितो). तुमची कंबर आता कशी आहे? प्रतापदादांचा खोकला गेला का? आईच्या डोळ्यांत औषध वेळेवर पडतं ना? दादा पत्राचा पहिला परिच्छेद वाचून कागद तुमच्या हाती देतात, म्हणून त्यांच्यापुरतं एवढंच लिहितो, की नवी बैलजोडी घेतलीत ते उत्तम केलंत. इथून पुढचं तुमच्यासाठी आहे.

दोन वर्षांपूर्वी देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात आलं होतं. आमच्या नामपल्लीच्या ऑफिसात त्या दरवाजातून एक कॉम्प्युटर आत आला आणि त्याच्यामागोमाग दिलीप नावाचा तेवीस वर्षांचा तरुण. कॉम्प्युटर बहुतेक वेळ बंद असतो, दिलीप मात्र इंग्रजीत अखंड चालू असतो. अठरा वर्षं मी बसलो त्या खुर्चीवर आता तो बसतो, आणि मी त्याच्या डाव्या हाताला स्टुलावर. तेव्हाच ठरवलं, आपल्या त्रिवेणीवर ही पाळी येऊ द्यायची नाही. जूनमध्ये तिला इंग्रजी शाळेत घातलं, आणि शाळेनं सांगितलं की घरातही इंग्रजीच बोला. (मॅट्रिकला इंग्रजीच्या पेपराला मी किती वेळा बसलो ते तुम्हाला ठाऊक आहे. दादांनी ते माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनाही सांगितलं होतं.)

मग कोठीच्या बाजारातल्या फुटपाथवरून व्याकरणाचं जुनं पुस्तक आणलं. उघडून बघतो तर त्यात काळ बारा. रेणुका म्हणाली, बारा कुणाच्यानं व्हायचे, वाटून घेऊ. आपल्या थोरल्यांनी शेत वाटून घेतलं तसं आम्ही पुस्तक वाटून घेतलं. तिनं भूतकाळ घेतला (भांडणात तिचा त्यावर हात बसलेलाच आहे), मी भविष्यकाळ (स्वतःच्या घराचं वचन मी नऊ वर्षं देतोय). वर्तमानकाळ मधे राहिला. तो दुसरा करील असं प्रत्येकाला वाटलं, आणि सामाईक बांधावरचं गवत जसं कुणीच काढत नाही, तसा तो राहूनच गेला. क्रियापदंही आम्ही गरीब स्वभावाची तेवढीच निवडली, कुक, वॉश, वॉक, बॉइल, म्हणजे ज्यांना मागे एक शेपूट जोडलं की भूतकाळ तयार. दर वेळी रूप पालटणारी जी अवलक्षणी आहेत, गो, ईट, स्लीप वगैरे, ती घरात घेतलीच नाहीत. त्यामुळे महिनाभर आमच्याकडे कुणी जेवलं नाही की झोपलं नाही. जेवण नुसतं कुक्ड होतं आणि भांडी वॉश्ड. एका लग्नाला वरंगळपर्यंत रेल्वेनं जाऊन आलो, तेही आम्ही वॉक्ड.

परवा सकाळी दूध वर येऊ लागलं. मी 'मिल्क विल बॉइल' असा इशारा आधीच देऊन मोकळा झालो होतो. रेणुका पातेल्यासमोर उभी. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण ते अजून तिच्या काळात बसत नव्हतं, आणि सगळं डोकं तोंडात अडकल्यामुळे हात पुढे करायचं तिला सुचलंच नाही. दूध काठावर आलं, ओट्यावर उतरलं, स्टोव्ह विझला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, 'मिल्क बॉइल्ड.' शेजारच्या भाग्यलक्ष्मीअम्मा दारातून हे बघत होत्या. 'अय्यो, पूरा दूध गिर गया, आप दोनों खडे रैके क्या देख रैं?' असं त्यांनी विचारलं. त्यांना काय उत्तर द्यावं ते आम्हाला दोन्ही काळांत सापडेना.

हसून झालं असेल तर पुढचं वाचा, वहिनी. त्रिवेणी हे सगळं बघत असते आणि बोलत नाही. जिचं तोंड दिवसभर चालू असायचं ती पोर आता पाणी हवं असेल तर माठाकडे बोट दाखवते. बुधवारी ऑफिसातून आलो तर पलंगाखालून बारीक आवाज येत होता. बाहुलीला मांडीवर घेऊन ती विचारत होती, 'काय करायलीस गं माय? पोट दुखायलंय का?' हुबेहूब आपली आई. माझी चाहूल लागली तशी तिनं बाहुलीच्या तोंडावर हात ठेवला. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी जेवलो नाही (या खेपेला खरोखरच).

असो. चुकलंमाकलं पदरात घ्या. उत्तर लवकर पाठवा, मराठीत.

आपला,
नागोराव

ता. क. आईला महिनाभर आमच्याकडे पाठवा. देगलूरहून बसमध्ये बसवून द्या, गौळीगुड्याच्या स्टँडवर मी दोन तास आधीच येऊन थांबतो. दादांना विचारू नका, सांगा.

आणखी एक. वर शाळेचं नाव घेतलं ते खोटं. रेणुका शनिवारी मोठ्या बाईंना भेटून आली. त्या म्हणाल्या, इंग्रजी आम्ही शिकवू, तुम्ही घरी लेकराशी बोला. नियम माझा होता, आणि तो जूनमधला नाही, दिवाळीतला. आई आली होती तेव्हा मी तिला म्हणालो, त्रिवेणीशी जरा कमी बोलत जा, तिची जीभ बिघडेल. दुसऱ्या दिवशी आई लुगड्यांच्या घड्या घालायला लागली, कापूस वेचायला आलाय म्हणाली आणि आठ दिवस आधी निघाली. दादांनी त्या साली कापूस लावलाच नव्हता. तिला बसमध्ये बसवताना मला ते माहीत होतं.

हे पत्र आईला वाचून दाखवा. दुधाचं गाळलंत तरी चालेल, कापसाचं गाळू नका.