बाबांची तिसरी नळी

३ मार्च

चि. शेंडेफळास अनेक आशीर्वाद.

बाबांच्या गळ्याजवळच्या डायलिसिसच्या नळीला पुन्हा जंतूंची लागण झाली. ही दुसरी खेप. ताप उतरलाय, पण नळी काढावी लागली. तिसरी एकवीस तारखेला बसेल, तोवर तात्पुरत्या नळीवर भागवतोय. बाबांनी सांगून टाकलंय, पुन्हा ताप आला तर डायलिसिस बंद. त्यांचा हट्ट तुला नव्याने सांगायला नको, तोच तुझ्यात उतरलाय.

तुझ्या प्रयोगशाळेत जंतू मारणाऱ्या पेप्टाइडचा थर दिलेल्या नळ्या कपाटात पडून आहेत. त्यातली एक पाठव. इथल्या डॉक्टरांचं मन मी वळवीन, बावीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून राबले ती काय फुकट? ताई म्हणून मागतेय, आढेवेढे घेऊ नकोस.

लोभ आहेच, नळी आल्यावर वाढेल.

ताई

८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, पण नळी मिळणार नाही. काचेच्या बशीत आमचं पेप्टाइड जंतूंचं आवरण फाडतं, एकही उरत नाही. पण माणसाच्या अंगात ती नळी अजून एकदाही गेलेली नाही. मंजुरीचा अर्ज महिनाअखेरीला जायचाय. पहिला प्रयोग मी बाबांवर करणार नाही. हवं तेवढं रागाव.

रागावून झालं की एक काम कर. वॉर्डात नळीला तुम्ही काय काय करता, ते बारीकसारीक लिहून पाठव. आमच्यातल्या कुणीही वॉर्डात पाऊल टाकलेलं नाही, हे लिहिताना लाज वाटते.

रागासकट लोभ असू दे.

शेंडेफळ

१२ मार्च

चि. शेंडेफळास आशीर्वाद, नाइलाजाने.

तुझा नकार सांगितला तर बाबा हसले. म्हणाले, पोरगी बरोबर बोलतेय. दोघांनी मिळून मला एकटं पाडलंत.

नळी जोडताना आणि सोडताना, दोन्ही वेळा आम्ही तिची बाहेरची तोंडं, जिथून जंतू शिरतात ती, स्पिरिटच्या बोळ्याने घासतो. पुसत नाही, घासतो, पंधरा आकडे मोजून. आठवड्याला तीन डायलिसिस. तुमच्या नळ्या कुणी अशा घासल्यात का, की नुसत्या पाण्यात बुडवून त्यांचे लाड करता?

उत्तर लवकर धाड, माया पातळ होत चाललीय.

ताई

१७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

लाडच करत होतो. तू लिहिलंस तशी एक नळी महिन्याभराच्या हिशेबाने, म्हणजे चोवीस वेळा घासली आणि मग तिच्यावर जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी बघते तर साध्या नळीइतकेच दाट वाढलेले. थर नुसता वरवर बसलेला होता, स्पिरिटने निघून गेला. प्रयोगशाळेच्या सरांना दाखवलं. ते खूप बोलले, पण अर्ज थांबवला. दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं. आता पेप्टाइड नळीला पक्कं जखडायचंय, कालपासून कामाला लागलेय. या वेळी नळ्या घासायला तू येणार आहेस, रजा मागून ठेव.

बाबांना साधीच नळी बसू दे, आणि ती तूच घास. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नाही.

एक गोष्ट सांगायचा धीर होत नव्हता. तुला नकार पाठवला त्याच दुपारी मी एक नळी खोक्यात घालून वर बाबांचं नाव लिहिलं होतं. टपालात टाकायची तेवढी राहिली होती. तुझं पत्र आलं आणि खोकं फोडलं. चोवीस वेळा घासली ती नळी तीच.

आता खुशाल रागाव, पण लोभ सोडू नकोस.

शेंडेफळ